चौथऱ्यावर काय बोलायचं

जर्व्हेसच्या पत्राला त्यानं उत्तर दिलं नव्हतं. पत्र टॉवरच्या तुरुंगातून आलं होतं, राजरोस, पहारेकऱ्यांनी फोडून वाचून पुन्हा दुमडलेलं, आणि आल्या दिवसापासून ते बेनेट ऑरलच्या खोलीत खिडकीच्या फळीवर पडून होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं त्यावर शाईची दौत ठेवली होती. उडून गेलं असतं तर बरं झालं असतं, असं रोज सकाळी त्याला वाटायचं आणि रोज सकाळी तो दौत जरा नीट सरकवायचा. मजकूर फार नव्हता. मास्तर, शुक्रवारी मला टेकडीवर नेणार. चौथऱ्यावर चढल्यावर बोलावं लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. राजापुढं मी आजवर जे बोललो ते सगळं तुम्ही लिहिलेलं. एवढं शेवटचं लिहून द्या. चांगलं वठलं तर अ‍ॅम्फिलिसला आणि मुलींना मार्डनच्या घरात राहू देतील, असं इथले लोक म्हणतात. खाली सही होती, आणि सहीआधी 'सर' लिहून खोडलेलं होतं. राजद्रोह्याला किताब लावता येत नाही. पण सवयीनं हात गेला असणार. त्या खोडलेल्या शब्दाची बेनेटला पत्रातल्या इतर कशाहून जास्त चीड आली होती.

बोलावं लागतं. मान कापून घ्यायला आलेल्या माणसानं आधी जमलेल्या लोकांना सांगायचं की राजा दयाळू आहे, कायदा न्यायी आहे, आपण पापी आहोत. मग कुऱ्हाडवाल्याला क्षमा करायची, आणि मग वाकायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, कुणी शिकवत नाही, पण बायकामुलांच्या डोक्यावरचं छप्पर त्या चार वाक्यांवर राहतं किंवा जातं, हे या शहरात पाववाल्यालाही ठाऊक असतं. सगळे बोलतात. ज्यांनी काहीच केलेलं नसतं ते जरा जास्तच चांगलं बोलतात.

उत्तर द्यायचं नाही हे त्यानं ठरवलं नव्हतं, तसं पाहिलं तर. तो नुसता देत नव्हता. त्याचा स्वभावच असा, ठरवण्याच्या अलीकडं थांबणारा. पण बुधवारी सकाळी तो रोजच्यासारखा सेंट पॉल चर्चच्या आवारातल्या वॉट पिनफोल्डच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला गेला, आणि पिनफोल्डनं एक ओला कागद त्याच्यासमोर टाकला.

"मास्तर, पंचांग राहू द्या. हे आधी बघा. शुक्रवारी दुपारी आवारात विकायला हवंय."

बेनेटनं कागद डोळ्यांजवळ धरला. वर जाड अक्षरांत होतं, जर्व्हेस वेन्लो यानं टॉवरच्या टेकडीवर मरतेसमयी काढलेले उद्गार, तिथं हजर असलेल्या एका सद्गृहस्थानं ऐकले तसे.

"आज बुधवार आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर घाई."

"तो अजून जिवंत आहे, वॉट."

"असू दे की. मी कुठं नाही म्हणतोय." पिनफोल्ड हाताची शाई पुसत होता. "माणूस पडल्यावर जुळवायला बसलो तर पुलाजवळचा तो दाढीवाला छापखानेवाला आधी विकून मोकळा होतो. मागच्या वेळी माझे निम्मे कागद अंगावर पडले."

"आणि तो दुसरंच काही बोलला तर?"

"दुसरं काय बोलणार?" पिनफोल्डला खरोखरच नवल वाटलं. "कुणी बोललंय आजवर? फार तर मधेच खोकेल. खोकला मी छापत नाही. मास्तर, हा मागच्या उन्हाळ्यातलाच मजकूर आहे, नाव तेवढं बदललंय. तुम्ही चुका बघा."

बेनेट बसला आणि चुका बघू लागला. दोन अक्षरं उलटी पडली होती. एके ठिकाणी मागच्या उन्हाळ्यातल्या माणसाचं नाव राहून गेलं होतं, ते त्यानं खोडून वर जर्व्हेसचं लिहिलं. मग एक वाक्य आलं, माझा राजा फार दयाळू आहे. किती भिकार वाक्य, असं त्याला वाटलं, आणि तो दुसऱ्या ओळीवर जायच्या आत त्याच्या लेखणीनं ते सुधारलं होतं. ज्याच्या दयेला मी कधी पुरा पडलो नाही, असा माझा राजा. पिनफोल्डनं खांद्यावरून वाचलं आणि तो खूश झाला. "वा. याचसाठी तुम्हाला ठेवलंय, मास्तर. ऐकल्यावर पोटात कालवतं." बेनेट आपल्या हाताकडं बघत राहिला. म्हाताऱ्या, डाग पडलेल्या त्या हाताला कुणी विचारलं नव्हतं. वाकडी चौकट दिसली की सुताराचा हात जातो तसा तो गेला होता. राजाची स्तुती वाकडी दिसली, त्यानं ती सरळ केली. त्याच्या कानशिलात काहीतरी ठणकायला लागलं. आपल्याला राग आलाय हे त्याला उशिरानं कळलं, कारण राग येणं त्याच्या सवयीचं नव्हतं. आजवर त्याला नुसतं अवघडल्यासारखं व्हायचं.

टोपी न घेताच तो बाहेर पडला. उपासाचे दिवस होते, मांस बंद, सगळ्या गल्लीला खारवलेल्या हेरिंग माशांचा वास. कोपऱ्यावरची मासेवाली गिऱ्हाइकाला कातड्याच्या पानात मासे बांधून देत होती, आणि त्या पानावर निळी-तांबडी अक्षरं होती. त्यानं मान फिरवली. पण मठ आठवायचा तो आठवलाच. राजानं मठ मोडले तेव्हा त्यातला एक जर्व्हेसला बक्षीस मिळाला. छपराचं शिसं काढलं, घंटा वितळवल्या, आणि चारशे वर्षांचं ग्रंथालय वाण्यांना आणि मेणबत्तीवाल्यांना गाडीच्या भावानं विकलं. "तुम्हाला हवी ती चार पुस्तकं काढून घ्या ना, मास्तर," जर्व्हेस म्हणाला होता, लाडानं, म्हाताऱ्या कुत्र्याला हाडूक द्यावं तसं. बेनेटनं चार निवडली. ते त्याच्या मनातून आजही जात नव्हतं. जी पुस्तकं गेली त्यांचं नाही. आपण तिथं बसून निवडली, नीट, जिभेनं बोट ओलं करून पानं उलटत, आणि वर आभार मानले, याचं.

वर्गात हाच जर्व्हेस मागच्या बाकावर बसायचा. लोकरीच्या व्यापाऱ्याचा पोरगा, हाताला मेंढीच्या चरबीचा वास, लॅटिनचं एक वाक्य धड जुळायचं नाही. पण ऐकताना मान अशी कलती करायचा की सांगणाऱ्याला वाटावं, जगात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही. ते शिकवून येत नाही. गावात एक मोठा सरदार आला तेव्हा पोरांनी स्वागताचं कवन म्हणायचं होतं. जर्व्हेसला लिहिता आलं नाही, म्हणून बेनेटनं लिहून दिलं. जर्व्हेसनं ते असं म्हटलं की सरदारानं त्याला घोड्यावर घालून नेलं, आणि दोन वर्षांनी जर्व्हेसनं मास्तरांना बोलावून घेतलं. तिथून पुढं बेनेटची वाक्यं आणि जर्व्हेसची मान, अशी ती दोघांची मिळून एक व्यक्ती दरबारात चढत गेली. आधी राजाच्या बाहेरच्या दालनात, मग आतल्या, मग त्याच्याही आतल्या. आणि शेवटी तो मान मिळाला ज्यासाठी उमराव एकमेकांचे गळे धरायचे. मखमल मढवलेल्या शौचाच्या खुर्चीपाशी, हातात ओलं फडकं घेऊन, राजाजवळ एकट्यानं उभं राहायचं. ज्या रात्री तो मान मिळाला त्या रात्री जर्व्हेसनं मास्तरांना मिठी मारली होती आणि दोघं हसत सुटले होते, हसता हसता बेनेटला वाटलं होतं की आपण कशाला हसतोय. मोठमोठे दाढीवाले दाराबाहेर थांबायचे आणि म्हणायचे, वेन्लोसाहेब, आत गेलात की आमचं तेवढं सांगा. काय सांगायचं ते बेनेट लिहून द्यायचा. दर नववर्षाला दरबारी लोक भर सभेत राजाला भेटी देत; जर्व्हेसच्या भेटीबरोबर कवन असायचं आणि राजा ते पुन्हा म्हणायला लावायचा. खांबाआड उभा राहून बेनेट ओठ हलवत असायचा. सुख होतं ते. नाकारण्यात काय अर्थ. जगातला सगळ्यात मोठा माणूस आपली ओळ ऐकून मान डोलावतोय, यासारखं सुख त्याला पुस्तकातही मिळालं नव्हतं.

आणि मग ती सकाळ. जर्व्हेस दाढी करून घेत होता, गालावर फेस होता. "मास्तर, काल गंमत झाली. महाराजांनी विचारलं, ही कवनं तुझीच ना? म्हटलं, माझीच. तर म्हणाले, तुझा एक मास्तर होता ना रे, तो कुठं असतो? माझ्या तोंडून गेलं, वारला बिचारा, सर्दीनं." तो हसला, न्हाव्यानं वस्तरा बाजूला घेतला. "महाराजांना इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. म्हणजे आता तुम्ही इथं दिसून चालायचं नाही. तुम्ही समजून घ्याल." बेनेटनं समजून घेतलं. समजून घेणं हेच तर त्याचं काम होतं. तो बोचकं बांधून शहरात आला, मेलेला माणूस म्हणून एका खानावळीवरच्या खोलीत राहिला, आणि पिनफोल्डकडं चुका बघू लागला. त्या सकाळी वस्तरा मधेच थांबला होता, न्हावी दोघांकडं आळीपाळीनं बघत होता, आणि बेनेट म्हणाला होता, "बरं." बरं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडात वाक्यं घातली, आणि स्वतःवर आली तेव्हा एवढंच निघालं. आणि आता तो मेलेल्या माणसाकडं भाषण मागतोय.

खोलीवर परतला तेव्हा जिन्यावर मॉडलिन बसली होती, अ‍ॅम्फिलिसच्या माहेरापासूनची स्वयंपाकीण, मांडीवर झाकलेली टोपली. नवऱ्याला पकडल्यापासून अ‍ॅम्फिलिस दोन मुलींना घेऊन नदीकाठी एका दोरवाल्याच्या माडीवर राहत होती, आणि मॉडलिन रोज टॉवरच्या दाराशी जेवण पोचवत होती.

"आलात?" ती उठली नाही. "मी म्हटलं, मेलेली माणसं दुपारची कुठं हिंडतात."

"मॉडलिनबाई, मला त्याचं पत्र—"

"मिळालं. ठाऊक आहे. रोज मला विचारतो दारातून, मास्तरांचं काही आलं का. रोज मी म्हणते, येईल हो साहेब, मास्तर विचार करून लिहितात. किती दिवस विचार करणार? शुक्रवारनंतर पण करणार आहात का?"

"माझ्यावाचून त्याचं चाललं की. मी गेल्यावर तो लिहवून घेत नव्हता का दुसऱ्या कुणाकडून?"

"कुणाकडून घेणार. म्हणून तर हे झालं." मॉडलिननं टोपली बाजूला ठेवली. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही काय ते? काठी दिली हो त्यानं. नववर्षाला. लोक सोन्याचे पेले देतात, घड्याळं देतात. यानं काठी दिली. अक्रोडाची, हस्तिदंताची मूठ. स्वतः सुताराकडं बसून करून घेतली."

बेनेट पायरीवर खाली बसला. राजाचा पाय सडत होता, ते दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. वास यायचा. पण राजा लंगडतो असं कुणी डोळ्यांनी पाहायचं नसे. तो थांबला की सगळे थांबत आणि बागेतली फुलं बघत. तो म्हातारा होतोय असं मनात आणणं म्हणजे त्याचं मरण मनात आणणं, आणि राजाचं मरण मनात आणणं हा राजद्रोह. तसा कायदाच होता. वैद्यसुद्धा पायाला पाय म्हणताना इकडं तिकडं बघायचे.

"कवन होतं बरोबर?" त्यानं विचारलं.

"कुठलं कवन. तुम्ही मेला होतात ना." मॉडलिन नाकातून हसली आणि लगेच तिचे डोळे भरले, त्याचाही तिला राग आला. "बाईसाहेब होत्या सभेत. त्या सांगतात, हा मेला गुडघ्यावर बसला, काठी पुढं केली आणि म्हणाला, महाराज, याने पायाला बरं वाटेल. परदेशचे वकील उभे, सगळे उभे. म्हणे कुणी श्वास घेईना. संध्याकाळी सगळ्यांच्या भेटी आत नेल्या, काठी तिथंच मेजावर. रोज रात्री तोच तर पाय धुवायचा हो, पट्ट्या बदलायचा. त्याला कळवळा आला. एवढा मोठा दरबारी, आणि कळवळा कुठं दाखवू नये ते कळलं नाही."

महाराज, याने पायाला बरं वाटेल. बेनेट ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. वाक्यात काही नव्हतं. उपमा नाही, वळण नाही, कानाला धरून ठेवील असं काही नाही. त्यानं जर्व्हेसला असं वाक्य कधीच बोलू दिलं नसतं. उभ्या आयुष्यात जर्व्हेस स्वतःचं असं हे एकच वाक्य बोलला होता, आणि त्यासाठी त्याची मान जाणार होती. बेनेटनं लिहिलेल्या हजार खोट्या ओळींसाठी मात्र त्याला घरं मिळाली, जमिनी मिळाल्या, मठ मिळाला. बेनेटला जर्व्हेसचा राग राहिला नाही असं नाही. तो होता, गालावरच्या फेसासकट होता. पण त्या रागाच्या मागं आता दुसरा एक राग उभा राहिला होता, मोठा, वखवखलेला, आणि त्याच्यापुढं हा पहिला अगदी पोरकट दिसत होता. कापणाऱ्याला काठी दिलेलीही चालत नाही, आणि मान देणाऱ्यानं मात्र वर गोड बोलून द्यायची. आणि ते गोड बोलणं या दोन हातांनी घडवलेलं. या हातांनीच राजाला त्याची चटक लावली.

"नीट लिहा," मॉडलिन उठत म्हणाली. "ऐकणाऱ्याला रडू येईल असं. थोरली मुलगी बोलतच नाही हो. मार्डनचं घर गेलं तर या दोघी कुठं जातील? उद्या दुपारी मी दाराशी असेन. द्यायचं तर तिथं आणून द्या. नाही तर तसं सांगा, म्हणजे मी त्याला रोज खोटं सांगायचं थांबवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, तो लिहायला बसला. आणि आलं. त्याला वाटलं होतं येणार नाही. पण झाकण काढल्यासारखं भडाभडा आलं. सूर्याकडं पाठ करून चालणाऱ्याला स्वतःची सावलीच पुढं दिसते, तसा मी माझ्या राजाकडं पाठ करून. त्यानं ते फाडलं. दुसरं आलं, ते पहिल्याहून सुंदर होतं. तेही फाडलं. हात थांबेना. प्रत्येक वाक्य घरंदाज, तोललेलं, शेवटी जरा खाली उतरणारं, ऐकणाऱ्याचा गळा दाटून यावा असं. आणि ऐकणारा कोण ते त्याला स्वच्छ दिसत होतं. टेकडीवरचे लोक नव्हेत. पिनफोल्डच सांगायचा की ही भाषणं राजा जेवताना वाचून घेतो, आणि मागच्या उन्हाळ्यातल्या त्या माणसाचं एक वाक्य त्यानं आवडलं म्हणून पुन्हा वाचायला लावलं होतं. पाय चौरंगावर टाकलेला, बोटांना सॉस, आणि मान डोलावणं. माणूस मारायचा आणि वर त्याची चव घ्यायची. बेनेटनं लेखणी इतक्या जोरानं टेकवली की टोक तुटलं. चाकू घेऊन तो ते नव्यानं तासत बसला.

द्यावं तर लागणार होतं. त्या पोरी होत्या. राजा दयाळू हे म्हणावं लागणार, कायदा न्यायी हे म्हणावं लागणार, एकही गाळून चालणार नव्हतं. शेतसारा भरावा तसं ते भरायचं, पण त्यावर एक दाणाही जास्त टाकायचा नाही. सजवायचं नाही. त्याला जेवताना चघळता येईल असं काही म्हणून द्यायचं नाही. इतकी वर्षं ज्या हातानं त्याचं कौतुक घडवलं, त्या हाताला आता काहीही न घडवता चार ओळी लिहायच्या होत्या. बेनेटला आयुष्यात इतकं कठीण काही गेलं नव्हतं. प्रत्येक शब्दापाशी हात वळण शोधायचा, आणि तो हाताला ओरडायचा, रिकाम्या खोलीत, इतक्या मोठ्यानं की खालच्या खानावळवाल्यानं काठीनं छत ठोकलं.

लोकहो, मी इथं मरायला आलो आहे. कायद्यानं मला दोषी ठरवलं आहे, आणि कायद्याशी माझा वाद नाही. राजा दयाळू आहे. देव त्याला मोठं आयुष्य देवो. माझ्या बायकोवर आणि मुलींवर त्यानं दया करावी. माझ्यासाठी प्रार्थना करा.

खाली त्यानं आपलं नाव लिहिलं, पूर्ण, गावासकट, आणि वाळू टाकून शाई वाळवली.

टॉवरच्या दाराशी मॉडलिन भिंतीला टेकून उभी होती. टोपलीत वाटाण्याची लापशी होती, आणि फडक्यात बांधलेला पाव. पहारेकरी दांडगा होता, सर्दी झालेला, पण वाचता येत होतं त्याला. कैद्याचा प्रत्येक कागद तोच उघडायचा. त्यानं कागद हातभर लांब धरला आणि मोठ्यानं वाचला, आणि संपल्यावर मागची बाजू उलटून पाहिली.

"एवढंच?"

"एवढंच," बेनेट म्हणाला.

"तुम्ही ते मास्तर ना? हा रोज सांगतो, माझे मास्तर लिहितायत, मग बघा." पहारेकऱ्यानं नाक ओढलं. "माझा मेव्हणा कासार आहे, तोही याहून बरं लिहील."

"लिहील," बेनेट म्हणाला.

मॉडलिन त्याच्याकडं वळली. तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. "यासाठी इतके दिवस लावलेत?" ती दातांतून म्हणाली. "माणूस उद्या जाणार, आणि तुम्ही त्याच्यावर सूड काढताय?"

"त्याच्यावर नाही," बेनेट म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की पहारेकऱ्यानं भुवया उचलल्या. बेनेटचे कान लाल झाले, पण त्यानं नजर खाली घातली नाही.

मॉडलिनला कळलं की नाही ते त्याला सांगता आलं नसतं. तिनं एप्रनच्या टोकानं पावावरची धूळ झटकली आणि टोपली पहारेकऱ्याच्या हातात दिली.

पहारेकरी बोटावर मोजत होता. "कायदा आला. दया आली. मोठं आयुष्य आलं. बायकामुलं आली. सगळं आहे खरं. कुणाला बोट ठेवायला जागा नाही." त्यानं कागद दुमडला, पावाच्या फडक्याखाली खोचला, आणि खांद्यानं लहान दार ढकललं.

दार उघडं होतं तेवढ्यात बेनेटला एक वाक्य सुचलं. आजवर त्यानं लिहिलेल्या कुठल्याही वाक्याहून ते चांगलं होतं, तयार होतं, एका दमात म्हणता येईल एवढं, आणि हाक मारली असती तर पहारेकऱ्यानं ते खाली लिहूनही घेतलं असतं. ते त्याच्या जिभेवर येऊन बसलं. त्यानं दात आवळून धरले, आतून कडी पडेपर्यंत.